शंभर ग्रॅम लोखंड, शंभर ग्रॅम पाणी

उकळत्या पाण्यातून काढलेले १०० ग्रॅम लोखंडी नट, म्हणजे साधारण ९८ अंश सेल्सिअसचे, २७ अंशांच्या १०० ग्रॅम पाण्यात टाकले तर तापमान कुठे येऊन थांबेल? हा प्रश्न फळ्यावर लिहा, प्रत्येकाला अंदाज वहीत लिहायला लावा आणि मगच नट टाका. बरीच मुलं मधोमधचा, साठ-बासष्टचा आकडा लिहितात. थर्मामीटर मात्र ३४ च्या आसपास थांबतो. पाणी जेमतेम ७ अंश चढलं, लोखंड ६४ अंश उतरलं.

विशिष्ट उष्माधारकता, म्हणजे १ ग्रॅम पदार्थ १ अंशाने तापवायला लागणारी उष्णता, शिकवायची ती या ७ आणि ६४ पासून. व्याख्या आणि सूत्र मागाहून. १ ग्रॅम पाणी १ अंशाने तापवायला ४.१८ ज्यूल लागतात, लोखंडाला ०.४५, तांब्याला ०.३९, ॲल्युमिनिअमला ०.९०. पाणी आणि लोखंडात नऊपटींहून जास्त अंतर आहे, आणि ६४ भागिले ७ केलं की तेच हाती येतं. उष्णता आणि तापमान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि प्रत्येक पदार्थाची उष्णता सामावून घेण्याची क्षमता निराळी असते, हे ग्लासगोमध्ये जोसेफ ब्लॅकने १७६० च्या सुमारास ओळखलं ते पदार्थ एकमेकांत मिसळूनच.

आता प्रत्यक्ष मापन. इथे १०० ग्रॅम पाणी घेऊ नका. शाळेच्या थर्मामीटरवर १ अंशाच्या खुणा असतात. प्रत्येक वाचनात अर्ध्या अंशाची चूक धरली, तर ७ अंशांच्या फरकात १ अंश इकडेतिकडे होतो, म्हणजे जवळजवळ १४ टक्के. ६० ग्रॅम पाणी घेतलं तर वाढ १० अंशांच्या वर जाते. ०.१ अंश दाखवणारा डिजिटल थर्मामीटर मिळाला तर फारच उत्तम.

कॅलरीमापी, म्हणजे उष्णता मोजायचं भांडं, म्हणून परदेशी पुस्तकं थर्मोकोलचे पेले सांगतात. महाराष्ट्रात २०१८ पासून एकदाच वापरायच्या थर्मोकोलच्या पेल्यांवर बंदी आहे. एकात एक बसवलेले दोन कागदी कप, वर पुठ्ठ्याचं झाकण, झाकणाला थर्मामीटरपुरतं भोक. कप कलंडू नयेत म्हणून सगळं बीकरमध्ये ठेवायचं. स्टीलचा पेला टाळा, तो स्वतःच बरीच उष्णता खातो.

नट उकळत्या पाण्यात नुसते सोडले तर बाहेर काढताना पाणी चिकटून येतं. १ ग्रॅम म्हणजे वीसेक थेंब. एवढंसं गरम पाणी कपात सुमारे २५० ज्यूल आणतं आणि १०० ग्रॅम लोखंड देतं साधारण २७०० ज्यूल. वीस थेंबांनी उत्तर नऊ टक्क्यांनी फुगतं! पुसत बसलो तर नट हवेत निवतात, म्हणजे चूक उलट्या बाजूला. म्हणून नट कोरड्या मोठ्या परीक्षानळीत घालावेत, नळीच्या तोंडाला कापसाचा बोळा लावावा आणि नळी उकळत्या पाण्यात पंधरा मिनिटं उभी ठेवावी. पाण्याची पातळी नटांच्या वर हवी. थर्मामीटर अलगद नटांमध्ये सरकवून त्यांचं तापमान तिथेच वाचावं. ते १०० गृहीत धरू नये: समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवरच्या पुण्यात पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं, महाबळेश्वरला त्याहूनही दोनअडीच अंश खाली.

थर्मामीटर थंड करून, पुसून कपातल्या पाण्याचं तापमान घ्या. मग कप थोडा तिरका धरून नट कडेने घसरू द्या. वरून टाकले तर पाणी उडतं आणि वजनाचा हिशेब तिथेच बिघडतो. झाकण लावा, हलक्या हाताने कप गोल फिरवत राहा, दर १५ सेकंदांनी वाचन घ्या आणि सर्वांत वरचं वाचन धरा. थर्मामीटरचा फुगा नटाला टेकला तर आकडा खोटा चढतो.

समजा, पारा २७.० वरून ३७.२ वर गेला. पाण्याने घेतलेली उष्णता ६० × ४.१८ × १०.२, म्हणजे २५५८ ज्यूल. लोखंड ९८ वरून ३७.२ वर, म्हणजे ६०.८ अंश उतरलं. २५५८ भागिले (१०० × ६०.८) बरोबर ०.४२. पुस्तकात ०.४५ आहे. 'प्रायोगिक त्रुटी' असं लिहून वही बंद करायची ही जागा नव्हे. उरलेली उष्णता गेली कुठे, हे मोजता येतं.

त्याच कपात २७ अंशांचं ३० ग्रॅम पाणी घ्या आणि त्यात ५७ अंशांचं ३० ग्रॅम ओता. कपाने काहीच घेतलं नसतं तर ४२ आलं असतं. समजा ४१ आलं. गरम पाण्याने ३० × ४.१८ × १६ = २००६ ज्यूल दिले, थंड पाण्याला ३० × ४.१८ × १४ = १७५६ मिळाले. मधले २५० ज्यूल कप, झाकण आणि थर्मामीटर यांनी १४ अंश चढताना घेतले, म्हणजे अंशामागे सुमारे १८ ज्यूल. नटांच्या प्रयोगात यांचे १८ × १०.२ = १८४ ज्यूल मिळवा. बेरीज २७४२ आणि उत्तर ०.४५. ही दुरुस्ती मुलांनी स्वतः शोधली की उष्णता विनिमयाचं तत्त्व (गरम वस्तूने दिलेली उष्णता = थंड वस्तूंनी घेतलेली उष्णता) पाठ करून घ्यावं लागत नाही.

गणितं सोडवताना दोन चुका हमखास दिसतात. धातू आणि पाणी दोघांसाठी तापमानातील फरक एकच धरला जातो. शेवटचं तापमान दोघांचं एक असतं, फरक नव्हे. दुसरी, पाण्याच्या वस्तुमानात धातूचं वस्तुमान मिळवलं जातं.

हाच कप पुढे रसायनशास्त्रातही कामाला येतो. १ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल ५० मिलिलिटर आणि तेवढंच १ मोलर सोडिअम हायड्रॉक्साइड एकत्र केलं की तापमान साडेसहा-सात अंशांनी वाढतं. आम्ल आणि अल्कलीच्या या अभिक्रियेत, म्हणजे उदासिनीकरणात, मोलमागे ५७ किलोज्यूलच्या आसपास उष्णता सुटते, इथे ०.०५ मोल आहे, म्हणजे २८५० ज्यूल. फक्त अल्कलीचं, म्हणजे सोडिअम हायड्रॉक्साइडचं, द्रावण आदल्या दिवशी करून ठेवा. ताजं केलेलं गरम असतं आणि ती ऊब अभिक्रियेच्या नावावर जमा होते. डोळ्यांना चष्मा हवाच.

मग मोठे कप घ्या, दोन्ही द्रावणं १००-१०० मिलिलिटर करा आणि ओतण्याआधी पुन्हा वहीत अंदाज लिहायला सांगा. दुप्पट, म्हणजे चौदा अंश लिहिणारे पुष्कळ निघतील. थर्मामीटर पुन्हा सातच्या आसपासच वाढ दाखवतो: उष्णता दुप्पट सुटली, पण तापवायचं पाणीही दुप्पट झालं.