मुंबई ओपन: १२५ च्या पायरीवरच्या विजेत्या

चर्चगेटच्या ब्रेबॉर्न स्टेडियमला लागून असलेल्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या हार्डकोर्टवर २०१७ ते २०२५ या काळात महिलांची मुंबई ओपन टेनिस स्पर्धा चार वेळा झाली. २०१७ आणि २०१८ अशी सलग दोन वर्षे, मग पाच वर्षांचा खंड आणि पुन्हा २०२४ व २०२५. तिच्या एकेरीच्या विजेत्यांची यादी एका दमात वाचून होते: बेलारूसची आरिना सबालेंका, थायलंडची लुक्सिका कुमखुम, लाटव्हियाची दार्या सेमेनिस्टाया आणि स्वित्झर्लंडची जिल टाइशमन. यांतले पहिले नाव आज घरोघरी माहीत आहे आणि उरलेली तीन टेनिसचे नियमित वाचक सोडले तर फारशी कोणाला ठाऊक नाहीत. तरीही ही स्पर्धा समजून घ्यायची असेल, तर त्या तीन नावांकडे अधिक लक्ष द्यावे लागते.

मुंबई ओपन ही महिला टेनिसची संघटना असलेल्या डब्ल्यूटीएच्या 'डब्ल्यूटीए १२५' या दर्जाची स्पर्धा आहे. व्यावसायिक महिला टेनिसच्या उतरंडीत सर्वांत वर चार ग्रँड स्लॅम, त्याखाली डब्ल्यूटीएच्या १०००, ५०० आणि २५० या दर्जांच्या स्पर्धा आणि अगदी तळाशी आयटीएफच्या (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या) छोट्या स्पर्धांचे जाळे येते. या दोहोंना जोडणारी पायरी म्हणून २०१२ मध्ये '१२५ के' मालिका सुरू झाली. त्या नावातला आकडा बक्षिसाच्या रकमेचा, म्हणजे १ लाख २५ हजार डॉलरचा होता. विजेतीला क्रमवारीचे १६० गुण मिळत. २०२४ पासून गुणही १२५ झाले, तेव्हा नाव आणि गुण यांचा मेळ बसला तो असा उशिरा, आणि तोही खेळाडूंचे ३५ गुण कापून. या दर्जाच्या विजेतेपदाची डब्ल्यूटीएच्या अधिकृत विजेतेपदांत गणती होत नाही, त्यामुळे सबालेंकाच्या कारकिर्दीची मोजणी ऑगस्ट २०१८ मधल्या, अमेरिकेतल्या न्यू हेवनच्या स्पर्धेपासून सुरू होते आणि नऊ महिने आधीची मुंबई तिच्यात दिसत नाही.

मग खेळाडू इथे येतात कशासाठी? ग्रँड स्लॅमच्या १२८ जणींच्या मुख्य फेरीत १०४ जणींना क्रमवारीच्या बळावर थेट प्रवेश मिळतो, १६ जणी पात्रता फेरी खेळून येतात आणि ८ जणींना वाइल्ड कार्ड, म्हणजे संयोजकांच्या पसंतीने थेट प्रवेश, मिळते. नव्वदाव्या आणि एकशे तिसाव्या क्रमांकावरच्या दोघींच्या खेळात डोळ्यांना जाणवेल असा फरक क्वचितच असतो. पण एकीला पहिल्याच फेरीत हरूनही वर्षभराच्या प्रवासाचा मोठा खर्च भागवणारी रक्कम मिळते, तर दुसरीला तिथे पोहोचण्यासाठी पात्रतेचे तीन सामने जिंकावे लागतात. १२५ ची पायरी या दोघींमधल्या अंतरावर उभी आहे.

महाराष्ट्राचे या पायरीशी नाते मुंबईच्याही आधीचे आहे. मालिकेच्या पहिल्याच वर्षी, म्हणजे २०१२ मध्ये, जगात अशा दोनच स्पर्धा झाल्या: एक तैपेईला आणि दुसरी पुण्याच्या बालेवाडीला. नोव्हेंबरातल्या त्या 'रॉयल इंडियन ओपन'च्या अंतिम सामन्यात युक्रेनची १८ वर्षांची एलिना स्वितोलिना आणि जपानची ४२ वर्षांची किमिको दाते-क्रुम समोरासमोर आल्या. दाते एकेकाळी जगात चौथी होती, १९९६ मध्ये विम्बल्डनची उपांत्य फेरी खेळून त्याच वर्षी ती निवृत्त झाली होती आणि तब्बल बारा वर्षांनी पुन्हा कोर्टवर उतरली होती. तिच्या त्या पहिल्या निवृत्तीच्या वेळी स्वितोलिना दोन वर्षांची होती. बालेवाडीत स्वितोलिनाने ६–२, ६–३ असा विजय मिळवला आणि पुढे २०१७ मध्ये ती जगातल्या तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेली. एक चढणारी आणि एक परतलेली, असा त्या सामन्याचा घाट होता. तो पुढे मुंबईतही पुन्हा पुन्हा दिसला.

त्याआधीच्या दशकात भारतात याहून मोठ्या स्पर्धा होत असत. हैदराबादला २००५ मध्ये सानिया मिर्झाने अलोना बोंडारेंकोला हरवून डब्ल्यूटीए एकेरीचे विजेतेपद मिळवले, जे भारतीय महिलेचे पहिलेच होते. कोलकात्यात २००६ मध्ये मार्टिना हिंगीस जिंकली, बंगळुरूत २००८ मध्ये सेरेना विल्यम्स. बंगळुरूनंतर मात्र हा ओघ आटला आणि २०१२ ची पुण्याची स्पर्धाही एकाच वर्षी होऊन थांबली.

नोव्हेंबर २०१७ मध्ये मुंबईत आलेली सबालेंका १९ वर्षांची होती आणि तिच्या मागे अतिशय धावपळीचे दोन महिने होते. ऑक्टोबरमध्ये तियानजिनच्या अंतिम सामन्यात तिला मारिया शारापोवाने हरवले होते. मुंबईच्या थोडेच दिवस आधी मिन्स्कमध्ये बेलारूस आणि अमेरिका यांच्यात फेडरेशन करंडक या महिलांच्या सांघिक स्पर्धेचा अंतिम सामना झाला. तिथे तिने पहिल्या दिवशी त्या वर्षीच्या यूएस ओपनची विजेती स्लोन स्टीफन्सला तीन सेटमध्ये नमवले, दुसऱ्या दिवशी कोको व्हँडेवेघेकडून एकेरीची लढत गमावली आणि निर्णायक दुहेरीही हरली. अमेरिकेने करंडक ३–२ असा नेला. इतक्या मोठ्या सामन्यानंतर दमट मुंबईत, हंगामाच्या अगदी शेवटी, १२५ ची स्पर्धा खेळायला येणे हे वरवर पाहता उलटे वाटते; परंतु जानेवारीत ऑस्ट्रेलियन ओपन असते आणि तिच्या प्रवेशयादीआधीचा प्रत्येक गुण अशा वेळी मोलाचा ठरतो. अंतिम सामन्यात तिने स्लोव्हेनियाच्या दालिला याकुपोविचला ६–२, ६–३ असे सहज हरवले. पुढचे सर्वविदित आहे: ऑस्ट्रेलियन ओपन २०२३ आणि २०२४ मध्ये, यूएस ओपन २०२४ आणि २०२५ मध्ये, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये प्रथमच जागतिक क्रमवारीचे अव्वल स्थान. संयोजकांनी स्पर्धेची ओळख करून देताना तिचे नाव सर्वांत आधी घ्यावे, हे स्वाभाविकच आहे.

२०१८ ची विजेती कुमखुम मात्र वेगळ्या जातकुळीची. फोरहँड आणि बॅकहँड दोन्ही बाजूंनी दोन हातांनी मारणाऱ्या या खेळाडूने २०१४ च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये पेत्रा क्वितोवाला पहिल्याच फेरीत बाहेर काढले होते. मुंबईत तिने रशियाच्या इरिना ख्रोमाचेवाविरुद्ध पहिला सेट गमावून सामना जिंकला. तिच्या कारकिर्दीत याहून मोठे विजेतेपद आले नाही. या पायरीवर जिंकणाऱ्या बहुसंख्य खेळाडूंचे असेच होते, आणि सबालेंका हा नियम नसून अपवाद आहे, हे कुमखुमच्या नावामुळे लक्षात राहते.

यानंतरचा खंड स्थानिक खेळाडूंना सर्वाधिक भोवला, असे माझे मत आहे. परदेशी खेळाडूला एक स्पर्धा रद्द झाली तर दुसरी सापडते. वाइल्ड कार्डच्या आधारानेच या दर्जाच्या स्पर्धेत प्रवेश मिळणाऱ्या भारतीय मुलीला तो पर्याय जवळपास नसतो.

फेब्रुवारी २०२४ मध्ये स्पर्धा परतली तेव्हा हे लगेच दिसून आले. क्रमवारीत तीनशेच्या पलीकडे असलेल्या सहजा यमलापल्लीने पहिल्याच फेरीत अग्रमानांकित अमेरिकन कायला डे हिला तीन सेटमध्ये हरवले. विजेतेपदाच्या लढतीत सेमेनिस्टायासमोर ऑस्ट्रेलियाची स्टॉर्म हंटर होती, जी तीन महिन्यांपूर्वी दुहेरीत जगात पहिली होती आणि नुकतीच ऑस्ट्रेलियन ओपनच्या एकेरीत तिसऱ्या फेरीपर्यंत जाऊन आली होती. हंटरने पहिला सेट ७–५ असा घेतला. दुसरा सेट बरोबरी फोडणाऱ्या टायब्रेकमध्ये गेला आणि तिथे गुणांचीही ६–६ अशी बरोबरी झाली. म्हणजे हंटरला करंडकासाठी दोनच गुण हवे होते. ते दोन्ही गुण सेमेनिस्टायाने घेतले आणि तिसरा सेट ६–२ असा एकतर्फी झाला.

२०२५ ची विजेती टाइशमन ही परतणाऱ्यांपैकी. क्ले कोर्टवर प्राग आणि पालेर्मो अशी २०१९ मधली दोन विजेतेपदे, २०२१ मध्ये सिनसिनाटीची अंतिम फेरी आणि २०२२ मध्ये २१ वा क्रमांक गाठलेली ही डावखुरी खेळाडू मुंबईत आली तेव्हा पहिल्या शंभरातून बाहेर पडलेली होती. अंतिम सामन्यात तिने थायलंडच्या मनांचाया सावांगकावला ६–३, ६–४ असे हरवले. त्याआधी उपांत्य फेरीत तिच्यासमोर कोइमतूरची १५ वर्षांची माया राजेश्वरन रेवती उभी होती, जी पात्रता फेरीपासून एकेक सामना जिंकत तिथवर आली होती. ६–३, ६–१ असा तो सामना टाइशमनने जिंकला. पुण्यात १८ वर्षांची मुलगी जिंकली होती आणि मुंबईत १५ वर्षांची हरली, तरी दोन्ही सामन्यांत जाळ्याच्या दोन बाजूंना जोडी तीच होती: एक चढणारी आणि एक परतलेली.

दुहेरीची यादी सहसा कोणी पाहत नाही, पण स्थानिक इतिहास तिथेच अधिक आहे. २०१७ मध्ये सबालेंकाकडून एकेरीत हरलेली याकुपोविच त्याच स्पर्धेत ख्रोमाचेवासह दुहेरीचाही अंतिम सामना हरली होती. सहा वर्षांहून अधिक काळाने, २०२४ मध्ये, ती त्याच क्लबच्या कोर्टवर अमेरिकेच्या सब्रिना सांतामारियाला सोबत घेऊन दुहेरी जिंकली. त्या सामन्यात हरलेल्या जोडीत नेदरलँड्सच्या आरियाने हार्टोनोबरोबर बार्शीची प्रार्थना ठोंबरे होती, जिने २०१४ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत सानियासह महिला दुहेरीचे कांस्यपदक मिळवले होते. पुढच्या वर्षी ठोंबरे आणि हार्टोनो पुन्हा अंतिम फेरीत आल्या. दोन सेटनंतर बरोबरी असल्याने निकाल दहा गुणांच्या सुपर टायब्रेकवर गेला आणि तो त्या ७–१० असा हरल्या.