डी ड्राइव्ह दिसत नाही? फॉरमॅट करण्याआधी थांबा

मागच्या महिन्यात मावशीचा फोन आला. लॅपटॉपवर विंडोजची नवी आवृत्ती चढली आणि ‘डी’ ड्राइव्ह दिसेनासा झाला. जपून ठेवायचं ते सगळं ‘डी’मध्ये, अशी आपल्याकडे अनेक घरांची रीत, तिच्या लेकीच्या लग्नाचे फोटोही तिथेच होते. “शेजारचा मुलगा म्हणतो, फॉरमॅट मारला की परत दिसेल. मारू का गं?” मी म्हटलं, “मावशी, कशालाही हात लावू नकोस. मी येते.”

डिस्क म्हणजे एक सलग जमीन आणि पार्टिशन म्हणजे तिचे पाडलेले तुकडे. कुठला तुकडा कुठून कुठपर्यंत, याची नोंद मात्र वेगळीकडे असते, सातबाऱ्यासारखी. सातबारा सापडत नाही म्हणून शेत नाहीसं होत नाही. उभं पीकही जागेवरच असतं.

1983 मध्ये आयबीएमच्या पीसी-एक्सटीच्या काळात आलेली एमबीआर पद्धत ही नोंद डिस्कच्या पहिल्या सेक्टरमध्ये, म्हणजे अगदी पहिल्या छोट्या कप्प्यात ठेवते. सेक्टर 512 बाइटचा, त्यातले पार्टिशनच्या वाट्याला 64: सोळा-सोळा बाइटच्या चार ओळी. आयुष्यभराच्या फोटोंचा पत्ता एवढ्याशा जागेत, आणि त्याची दुसरी प्रत नाही! नंतरची जीपीटी पद्धत जास्त शहाणी आहे. ती तक्त्याची एक प्रत डिस्कच्या शेवटी ठेवते आणि नोंद बिघडली का हे ओळखायला बेरजेसारखा एक पडताळा आकडाही जपते. त्यामुळे पुढचा तक्ता खराब झाला तरी जीडिस्कसारखं साधन मागच्या प्रतीवरून तो पुन्हा उभा करू शकतं.

मावशीकडे गेल्यावर मी डिस्क मॅनेजमेंट उघडलं. विंडोजमधलंच हे साधन डिस्कचे तुकडे पट्ट्यांच्या रूपात दाखवतं. गाडी नेमकी कुठे अडली आहे ते इथे कळतं, म्हणून त्या पट्ट्यांवरचा प्रत्येक शब्द नीट वाचावा. ‘हेल्दी’ लिहिलंय पण अक्षर नाही, तर सगळं शाबूत आहे. विंडोजकडची अक्षराची नोंद तेवढी गळाली. ‘रॉ’ दिसलं तर तुकड्याची हद्द माहीत आहे, आतली फाइलींची मांडणी, म्हणजे फाइल सिस्टीम, वाचता येत नाही. ‘अनअलोकेटेड’ म्हणजे तक्त्यातली ओळच गेली. ‘ऑफलाइन’ दिसलं तर कधीकधी कारण वेगळंच निघतं: एका डिस्कची हुबेहूब नक्कल करून दोन्ही एकाच संगणकाला जोडल्या, की दोघींचा ओळख क्रमांक सारखा ठरतो आणि विंडोज एकीला बाजूला ठेवते. डिस्कच यादीत नसेल, तर केबल, ड्रायव्हर किंवा बायोसमधली (विंडोजच्या आधी चालणाऱ्या प्रोग्राममधली) स्टोरेजची सेटिंग बघायची.

मावशीचा पट्टा ‘हेल्दी’ होता. राइट क्लिक करून ‘डी’ हे अक्षर पुन्हा दिलं, आणि फोटो उघडले.

नाव बदलल्यामुळे उडणारा असाच घोळ लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम वापरणाऱ्यांनी 2007 च्या सुमारास पुरेपूर पाहिला. तेव्हा जुन्या आयडीई जोडणीच्या डिस्कसाठी नवे ड्रायव्हर आले आणि कालपर्यंत ‘एचडीए’ असलेली डिस्क अपग्रेडनंतर ‘एसडीए’ झाली. कुठला तुकडा कुठे जोडायचा हे सांगणाऱ्या एफएसटॅब या फाइलमध्ये मात्र जुनंच नाव, त्यामुळे बूट होताना यंत्रणेला स्वतःचं घरच सापडेना. गावात एकत्रीकरण होऊन सर्व्हे नंबरांचे गट नंबर झाले, तेव्हा जुने कागद घेऊन तलाठ्याकडे गेलेल्या माणसाची जी गत, तीच ही. उपाय टिकाऊ निघाला: फाइल सिस्टीमच्या आत कोरलेला यूयूआयडी क्रमांक एफएसटॅबमध्ये लिहायचा. डिस्क कुठल्याही नावाने समोर आली तरी हा क्रमांक तोच राहतो. विंडोज आणि लिनक्स शेजारी नांदत असतील, तर अपग्रेडनंतर विंडोजचं ‘फास्ट स्टार्टअप’ चालू झालंय का तेही पाहावं. ते चालू असताना शटडाऊन अर्धवटच होतं आणि लिनक्स त्या पार्टिशनवर लिहायला नकार देतं. तो नकार योग्यच आहे.

आता ‘रॉ’ आणि ‘अनअलोकेटेड’कडे परत येते, कारण खरा धोका तिथे आहे. विंडोज अशा वेळी ‘डिस्क फॉरमॅट करा’ किंवा ‘इनिशियलाइज करा’ असं स्वतःहून सुचवते. दोन्हीला नाही म्हणा. जुन्या हार्ड डिस्कवर क्विक फॉरमॅटनंतरही मजकूर बराचसा शिल्लक राहायचा. एसएसडीवर मात्र फॉरमॅटबरोबरच ‘ट्रिम’चा आदेश जातो, ही जागा मोकळी झाली असं डिस्कला कळतं आणि मग बहुधा काहीच हाती लागत नाही. ‘रॉ’ पट्ट्यावर बिटलॉकरचं, म्हणजे विंडोजच्या एन्क्रिप्शनचं, कुलूप असेल, तर आधी ते उघडणारी रिकव्हरी की शोधावी. ती अनेकदा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जमा असते.

हरवलेली हद्द शोधायला टेस्टडिस्क हे ख्रिस्तोफ ग्रेनिए यांचं मोफत साधन मला सगळ्यात भरवशाचं वाटतं. ते डिस्क चाळून फाइल सिस्टीमच्या खुणा हुडकतं. अशा खुणा असतातही: विंडोजची एनटीएफएस ही फाइल सिस्टीम आपल्या बूट सेक्टरची, म्हणजे तिची माहिती असलेल्या पहिल्या सेक्टरची, प्रत पार्टिशनच्या शेवटी ठेवते, लिनक्सची ईएक्सटी4 अशाच माहितीच्या सुपरब्लॉकच्या प्रती ठिकठिकाणी पेरते. फक्त ते चालवण्याआधी अख्ख्या डिस्कची नक्कल दुसऱ्या डिस्कवर काढा आणि प्रयोग नकलेवर करा. दोन टेराबाइटच्या साध्या हार्ड डिस्कला त्यासाठी पाच-सहा तास सहज लागतात, तेव्हा रात्री काम लावून झोपलेलं बरं.