टॉम हाउसने क्रिकेटपटूंना पिचर बनवलं नाही

२००८ पासून एक गोष्ट फिरते आहे: टॉम हाउस नावाच्या अमेरिकन कोचने भारतातल्या दोन क्रिकेट बोलर्सना बेसबॉलचे पिचर (फलंदाजाला चेंडू टाकणारे खेळाडू) बनवून मेजर लीगमध्ये, म्हणजे तिथल्या सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉलमध्ये, पोहोचवलं. ते क्रिकेट बोलर होते आणि ते मेजर लीगमध्ये पोहोचले, या दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे उत्तर प्रदेशातले भालाफेकपटू होते. हा फरक महत्त्वाचा आहे. बोलरला चेंडू टाकताना कोपर सरळ करण्यावर मर्यादा असते. पिचरची पुष्कळशी ताकद मात्र वाकलेलं कोपर झटक्यात सरळ होण्यात आणि खांद्याच्या फिरकीत असते. भालाफेक त्याच्या बरीच जवळची. दोघांना पिट्सबर्ग पायरेट्स या मेजर लीग संघाने करारबद्ध केलं, पण ते खालच्या स्तराच्या मायनर लीगमध्येच खेळले. म्हणून त्यांची कामगिरी लहान ठरत नाही. आयुष्यात कधी न खेळलेल्या खेळात व्यावसायिक करार मिळवणं ही विलक्षण गोष्ट आहे.

हाउसची ओळखही या एका प्रसंगापुरती नको. तो स्वतः १९७१ ते १९७८ मेजर लीगमध्ये डावखुरा रिलीफ पिचर (सामन्याच्या मध्ये बदली म्हणून येणारा पिचर) होता. ८ एप्रिल १९७४ ला फलंदाज हँक आरनचा विक्रमी ७१५ वा होमरन (मैदानाच्या कुंपणापलीकडे मारलेला फटका) बुलपेनमध्ये, म्हणजे बदली पिचर्स सराव करतात त्या जागेत, त्यानेच झेलला. पुढे टेक्सास रेंजर्स या संघाचा पिचिंग कोच असताना त्याने पिचर्सकडून अमेरिकन फुटबॉल फेकून घेतला, तेव्हा लोक हसले. त्याच संघातल्या नोलन रायन या पिचरने मात्र त्याच काळात, ४३ आणि ४४ व्या वर्षी, आपले शेवटचे दोन नो-हिटर (प्रतिस्पर्ध्यांना एकही हिट न देता संपवलेले सामने) टाकले.