तेलकट केस आणि ओले केस

आमच्याकडे रविवारी न्हायचं म्हणजे शनिवारी रात्री तेल. आई वाटीत खोबरेल कोमट करायची, मला पुढ्यात बसवायची आणि केसांत बोटं घातली की म्हणायची, "किती कोरडे झालेत गं, तेल नुसतं पितात." मग आठवडाभर रोज सकाळी वेणी घालताना पुन्हा तेलाचा हात. तरी बुधवार उजाडेपर्यंत केस राठ आणि टोकं खराट्यासारखी व्हायची. त्यावर उपाय एकच माहीत होता, तो म्हणजे आणखी तेल.

माझे केस दाट कुरळे आहेत. तेल आणि ओलावा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कळायला मला वयाची तिशी गाठावी लागली. खरं तर आपल्या भाषेला हा फरक ठाऊक आहे. कोरड्याच्या विरुद्ध ओलं. तेल चोपडलेल्या डोक्याला आपण कधी ओलं म्हणत नाही, तेलकट म्हणतो. पण "केस कोरडे पडलेत" असं कुणी म्हटलं, की हात पाण्याकडे न जाता तेलाच्या बाटलीकडे जातो.

ज्यांनी कणीक भिजवली आहे त्यांना हा फरक एका मिनिटात समजेल. पीठ मऊ होतं ते पाण्याने. पोळीची कणीक मळून झाली की वरून तेलाचा हात फिरवतो, तो ती मऊ व्हावी म्हणून नव्हे, तिच्यावर पापडी धरू नये म्हणून. शंकरपाळ्याच्या पिठात आपण तेल आधी घालतो. मोहन चोळलेलं पीठ मग कमी पाणी घेतं, म्हणून तर शंकरपाळी खुसखुशीत होते. म्हणजे पाण्याआधी घातलेलं तेल पाण्याला अडवतं आणि पाण्यानंतर लावलेलं तेल आतलं पाणी टिकवतं. दोन्ही वेळा पाण्याचं काम तेलाने केलेलं नाही. केसांत नेमकं हेच घडतं.

आधी पाण्याचं पाहू. केस हे मुख्यतः केराटिन नावाच्या प्रथिनाचे असतात आणि हे प्रथिन पाणी सहज शोषतं. पूर्ण भिजलेला केस स्वतःच्या वजनाच्या साधारण ३० टक्के पाणी धरतो. तो फुगतो, पण सगळीकडून सारखा नाही. जाडी १४ ते १६ टक्क्यांनी वाढते, लांबी मात्र जेमतेम २ टक्क्यांनी. एवढीशी वाढही इतकी नेमकी असते की तिच्यावर एक उपकरण चालत असे. १७८३ साली जिनिव्हाच्या ओरास-बेनेदिक्त द सोस्यूर या शास्त्रज्ञाने हवेतली आर्द्रता मोजणारं यंत्र मांडलं, त्यात माणसाचा ताणलेला केस होता. हवा दमट झाली की केस लांबायचा आणि काटा हलायचा. यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट अशी, की यंत्रात बसवण्याआधी तो केस सोड्याच्या पाण्यात उकळून त्याच्यावरचं सगळं तेल काढून टाकायचा. तेलकट केस हवेतल्या पाण्याला नीट दाद देत नाही, हे त्याला तेव्हाच ठाऊक होतं.

पाण्याचं दुसरं काम कुरळ्या केसांसाठी आणखी मोलाचं. केसाच्या आत हायड्रोजन बंध, म्हणजे केराटिनचे धागे एकमेकांना धरून ठेवणारे नाजूक दुवे, असतात. ते पाण्याने सुटतात आणि केस वाळताना पुन्हा जुळतात. केस ज्या आकारात वाळतो, तोच आकार पुढच्या भिजण्यापर्यंत धरून ठेवतो. ओली वेणी सुटल्यावर सरळ केसांतही लाटा दिसतात त्या यामुळेच. कुरळा केस मुळातच वाकड्या मुळातून, चपट्या दोऱ्यासारखा वर येतो, त्यामुळे वळायला तो तयारच असतो. त्याला पाणी देऊन, बटा जुळवून, न हलवता वाळू दिलं तर सुंदर वळणं येतात. तोच केस कोरडा असताना फणी घालून विंचरला, की जुळलेल्या बटा मोडतात, एकेक केस सुटा होतो आणि डोकं पिंजलेल्या कापसासारखं दिसतं. लोक त्यालाच "कोरडे केस" म्हणतात आणि वर तेल थापतात.

आता तेल. इथे मला आईची बाजूही तितक्याच मनापासून मांडायची आहे, कारण हल्ली उलट टोक गाठलेलं दिसतं. कुरळ्या केसांचे व्हिडिओ पाहून कित्येक मुली खोबरेलाला हातही लावत नाहीत. खोबरेल तेलात निम्म्याच्या आसपास लॉरिक आम्ल असतं. त्याचा रेणू लहान आणि सरळ असल्यामुळे ते केसाच्या आत मुरतं. सूर्यफुलाचं तेल किंवा खनिज तेल असं मुरत नाही. २००३ साली मुंबईतल्याच एका संशोधन विभागाने या तिन्ही तेलांची तुलना प्रसिद्ध केली होती. धुण्याआधी किंवा नंतर खोबरेल लावलेल्या केसांतून प्रथिन कमी वाहून गेलं, बाकीच्या दोन तेलांनी तसा फायदा दिला नाही. हा विभाग खोबरेल विकणाऱ्या कंपनीचा होता हे वाचकाने लक्षात ठेवावं, पण त्यामागचं कारण पटण्याजोगं आहे. दर न्हाण्याला केस फुगतो आणि वाळताना आकसतो. या फुगण्या-आकसण्यात केसाच्या पृष्ठभागावरचे बारीक खवले उचकटतात. आत मुरलेलं खोबरेल पाण्याला थोडी जागा कमी देतं, म्हणून केस कमी फुगतो. शंकरपाळ्याचं मोहन ते हेच.

म्हणजे शनिवारी रात्रीचं तेल बरोबर होतं. चुकायचं ते पुढच्या सहा दिवसांत.

रोज कोरड्या केसांवर तेल चढत गेलं की काय होतं? ओलावा मुळात नव्हताच, तो तेलाने येत नाही. वर मात्र चिकट थर बसतो, त्यात रस्त्यावरची धूळ अडकते, पाणी ओतलं तर ते घरंगळून जातं. तो थर काढायला फेसाळ, कडक शाम्पू दोनदा लावावा लागतो. शाम्पू नेमकं तेवढंच तेल काढून थांबत नाही. टाळूतून निघालेलं नैसर्गिक तेल सरळ केसांवरून घसरत टोकापर्यंत पोचतं, कुरळ्या केसांच्या प्रत्येक वळणावर ते अडखळतं, म्हणून टोकं आधीच उघडी असतात. तिथे शाम्पूचा मार सर्वांत जास्त बसतो. केस आणखी राठ होतात आणि आई पुन्हा वाटी कोमट करते. कितीतरी घरांत हे चक्र पिढ्यान् पिढ्या चालू आहे आणि त्यातल्या मुलींना आपल्याच डोक्यात खोट आहे असं वाटत राहतं, याचं मला खरंच वाईट वाटतं.

मग नुसतं पाणी पुरे का? नाही, आणि इथे बाटल्यांवरचा "मॉइश्चर" हा शब्द आणखी गोंधळ घालतो. प्रयोगशाळेत तपासलं तर दमट हवेत जास्त पाणी शोषलेला केस हाताला मऊ लागत नाही, उलट खरखरीत लागतो, कारण फुगल्यामुळे त्याचा पृष्ठभाग बदललेला असतो. आपण बोटांनी ज्याला "ओलावा आहे" म्हणतो तो बहुतेक वेळा पृष्ठभागाचा गुळगुळीतपणा असतो आणि तो देतो कंडिशनर. केसाचा झिजलेला भाग ऋणभारित असतो, कंडिशनरमधले घटक धनभारित असतात, म्हणून ते नेमके झिजलेल्या जागी चिकटतात आणि धुतल्यावरही थोडे मागे राहतात. बाटलीवर सिटिल किंवा सिटोस्टिअरिल अल्कोहोल वाचून घाबरू नका. नाव अल्कोहोल असलं तरी तो मेणासारखा मऊ पदार्थ आहे, केस सुकवणारा स्पिरिट नव्हे. तेलाला असा भार नसतो, ते जिथे लागलं तिथेच बसतं. कंडिशनरच्या जागी तेल चालत नाही, ते या एका कारणासाठी.

आजीचा एक नियम होता: ओले केस विंचरू नयेत. सरळ केसांसाठी तो खरा आहे, कारण भिजलेला केस ताणला जातो आणि तुटतो. दाट कुरळ्या केसांना मात्र कोरडेपणी फणी लावणं जास्त महागात पडतं. ओल्या केसांत कंडिशनर असताना, मोठ्या दातांच्या कंगव्याने, टोकाकडून वर वर येत गुंता सोडवायचा. कुरळ्या केसांचा गुंता वेळेवर न सोडवता त्यात तेल आणि धूळ साचत गेली तर तो हळूहळू घट्ट होतो. जट होते ती अशीच. महाराष्ट्रात कितीतरी बायकांनी ती देवीची खूण समजून मानेवर ओझं वागवलं आहे. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते गावोगाव जाऊन, समजूत घालून या जटा कापतात, त्यांच्याबद्दल मला फार आदर वाटतो.

माझा क्रम सांगते. न्हायच्या आधी दोन-तीन तास, खांद्यापर्यंतच्या केसांना दोन चमचे खोबरेल, मुख्यतः मधल्या भागाला आणि टोकांना. थंडीत ते २४ अंशांच्या खाली गोठतं, तेव्हा बाटली गरम पाण्यात ठेवावी. मग सौम्य शाम्पू फक्त टाळूला. खाली ओघळणाऱ्या फेसाने केस आपोआप धुतले जातात. कंडिशनर मूठभर, केसांतून पाणी निथळत असतानाच, पाच मिनिटं. गुंता याच वेळी. पाणी पूर्ण पिळून न काढता, टपटपत असतानाच जेल लावायचं. मी जवसाचं घरी करते: पाव वाटी जवस दोन वाट्या पाण्यात उकळायचे, अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार आली की लगेच गाळायचे, कारण गार झाल्यावर ते जाळीतून उतरत नाही. फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं. हे जेलही केसांना ओलावा देत नाही बरं का. ते वाळून पातळ पापुद्रा होतं आणि बटांचा आकार धरून ठेवतं. केस टॉवेलने घासायचे नाहीत, सुती पंच्यात दाबून टिपायचे आणि मग वाळेपर्यंत हात लावायचा नाही. पूर्ण वाळल्यावर तळहातावर तीन-चार थेंब तेल चोळून बटा हलकेच चुरगळायच्या. कणकेवरचा तेलाचा हात तो हा. मधल्या दिवसांत राठ वाटले तर आधी पाण्याचा फवारा, त्यावर चिमूटभर कंडिशनर. तेल नाही.

हवेप्रमाणे यात फरक पडतो. ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढतं, म्हणून रत्नागिरीच्या किंवा पणजीच्या पावसाळ्यात ग्लिसरीनयुक्त क्रीम लावलं तर केस फुगून दुप्पट दिसतात. तिथे जेल जास्त आणि ग्लिसरीन कमी. एप्रिलमध्ये लातूर-जालन्याकडे हवेत ओढायला पाणीच नसतं, तेव्हा तीच क्रीम केस चिंब असतानाच लावायला हवी. बोअरचं पाणी जड असेल तर शेवटचा एक तांब्या आरओ फिल्टरच्या पाण्याचा घ्यावा, क्षारांचा खरखरीतपणा कमी होतो.

टाळूचा कोंडा ही मात्र वेगळी गोष्ट आहे. पांढरे कण दिसले की टाळू कोरडी पडली समजून तेल जिरवतात, पण कोंड्याशी संबंध असलेली मॅलॅसेझिया ही बुरशी तेलावरच जगते. चिकट, पिवळसर कोंडा आणि खाज असेल तर टाळूवरचं तेल बंद करावं, कोंड्याचा औषधी शाम्पू वापरावा आणि महिन्याभरात उतार पडला नाही तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवावं.

राहता राहिल्या शाळेतल्या मुली. दोन वेण्या, रिबिनी आणि चापूनचोपून तेल हा नियम अजून बऱ्याच शाळांत आहे, आणि कुरळ्या केसांच्या पोरीला आई रोज सकाळी साडेसहाला कोरड्या केसांत फणी घालून रडवते. त्या घरांसाठी: रात्री केस पाण्याने ओले करा, वाटाण्याएवढं कंडिशनर चोळा, बोटांनी गुंता सोडवा आणि सैल वेण्या घालून झोपवा. सकाळी वेण्या सोडायच्या नाहीत. कपाळाजवळचे भुरभुरणारे केस ओल्या हाताने बसवायचे, वर दोन थेंब तेल. शाळेला हवी तशी चकाकी येते, आणि पोर रडत नाही.