बर्फाची सुट्टी: होस्ट फॅमिलीकडे राहणाऱ्या मुलांसाठी आणि इथे काळजी करणाऱ्या पालकांसाठी

पुण्यात दुपारचे साडेतीन-चार वाजलेले असतात. चहाचं आधण ठेवलेलं असतं आणि फोन येतो, "आई, शाळा बंद! रात्रभर बर्फ पडलाय!" तिकडे न्यूयॉर्क राज्यात तेव्हा पहाटेचे पाच-साडेपाच. हिवाळ्यात आपल्या आणि त्यांच्या घड्याळात साडेदहा तासांचं अंतर असतं.

पुढच्या दहा मिनिटांत आमच्या, म्हणजे मुलांना शालेय एक्स्चेंजसाठी अमेरिकेत पाठवणाऱ्या, ऑफिसात दुसरा फोन वाजतो. तो आईचा. मूल अडकलंय का, जेवणाचं काय, लाइट गेले तर काय, त्याला बाहेर सोडू नका म्हणून तुम्ही होस्ट फॅमिलीला, म्हणजे तो तिकडे ज्यांच्या घरी राहतो त्या कुटुंबाला, सांगाल का? हे पत्रक त्या दुसऱ्या फोनसाठी लिहिलं आहे. आमची बरीचशी मुलं शालेय वर्षासाठी पश्चिम न्यूयॉर्कमध्ये, बफेलोच्या आसपास जातात आणि आमच्यापैकी एकीने तिथेच एक वर्ष काढलं आहे. म्हणून उदाहरणं तिथलीच.

सुट्टी कोण देतं?

आपल्याकडे अतिवृष्टीचा इशारा आला की जिल्हाधिकारी शाळांना सुट्टी देतात. तिकडे प्रत्येक शालेय डिस्ट्रिक्टचा, म्हणजे एका भागातल्या सरकारी शाळांचा, सुपरिंटेंडंट ठरवतो. रस्ते साफ होतील का, शाळेच्या पिवळ्या बस चालतील का, हे बघून तो पहाटेच निर्णय घेतो आणि घरोघरी मेसेज जातो. कधी पूर्ण सुट्टी, कधी नुसतं 'टू अवर डिले', म्हणजे शाळा दोन तास उशिरा. त्यामुळे शेजारच्या गावातल्या मैत्रिणीची शाळा चालू आणि तुमची बंद, असं सर्रास होतं.

बफेलोत तर फारच. गार वारा ईरी सरोवराच्या त्यामानाने उबदार पाण्यावरून येताना वाफ उचलतो आणि किनाऱ्यावर पोचला की ती बर्फ करून टाकतो. हा बर्फ अरुंद पट्ट्यात पडतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये बफेलोच्या दक्षिणेला ऑर्चर्ड पार्कमध्ये काही दिवसांत सुमारे ८० इंच बर्फ पडला, म्हणजे साडेसहा फुटांहून थोडा जास्तच. त्याच वादळात शहराच्या उत्तरेकडे त्याच्या कितीतरी कमी. म्हणून टीव्हीवर 'बफेलो' ऐकलं की लगेच घाबरू नका. आधी गावाचं नाव विचारा.

आदल्या रात्री होस्ट घरातली लहान मुलं नाइट ड्रेस उलटा घालतात, उशीखाली चमचा ठेवतात, संडासात बर्फाचे खडे टाकून फ्लश करतात. सुट्टी मिळावी म्हणून. तुम्हालाही चमचा देतील. घ्या. बेडकाचं लग्न लावून पाऊस मागणाऱ्यांच्या देशातून गेलात, हसायचा हक्क आपल्याला नाही. काही शाळा आता अशा दिवशी लॅपटॉपवर वर्ग घेतात. तसं झालं की त्या मुलांची तोंडं बघण्यासारखी होतात.

खोलीत बसू नका

आमचं मुख्य म्हणणं एवढंच आहे. सुट्टी मिळाल्यावर आपली मुलं सगळ्यात मोठी चूक करतात ती हीच: दार लोटून, पांघरुणात शिरून दिवसभर पुण्याच्या मित्रांशी व्हिडिओ कॉल. एरवी होस्ट घरातली माणसं सकाळी सातला बाहेर पडून संध्याकाळी भेटतात. सगळी एकत्र घरात आहेत असा दिवस हाच. अमेरिकेत या शालेय एक्स्चेंज कार्यक्रमातल्या होस्ट फॅमिलीला तुम्हाला ठेवून घेण्याचे पैसे मिळत नाहीत. आपण तिथे पेइंग गेस्ट नाही आणि पाहुणे म्हणून तरी किती दिवस राहणार?

सुरुवात फावड्यापासून करा. कोणी सांगायच्या आधी बूट चढवून "मी कुठून सुरू करू?" असं विचारा. घरासमोरचा फुटपाथ साफ करणं बऱ्याच शहरांत घरमालकाचीच जबाबदारी असते. ताजा बर्फ कापसासारखा दिसतो, पण फावड्यावर घेतला की वजन कळतं. थोडा थोडा घ्या, गुडघ्यात वाका, कंबरेतून नको. आणि तासाभराने अंगण चकाचक झालं की नगरपालिकेचा प्लाऊ, म्हणजे बर्फ लोटणारी गाडी, येतो आणि रस्त्यावरचा सगळा घट्ट गोळा तुमच्याच फाटकापाशी लोटून जातो. त्या क्षणी होस्ट बाबा जे पुटपुटतात ते शब्द शाळेत वापरू नका.

शेजारच्या आजींचंही अंगण काढून दिलंत आणि त्यांनी चार डॉलर हातावर ठेवले, तर घ्यायला हरकत नाही. या एक्स्चेंज कार्यक्रमाच्या व्हिसावर नोकरी करता येत नाही, पण मुलं सांभाळणं किंवा अंगणातली अशी अधूनमधून केलेली कामं चालतात.

अंगावर काय

जीन्स नको. सुती काहीच नको. सुती कपडा ओला झाला की अंगाची ऊब शोषून घेतो. आत थर्मल, मधे लोकर किंवा फ्लीस, वर वारा-पाणी अडवणारं जॅकेट. बोटांचे हातमोजे घालण्यापेक्षा चार बोटं एकत्र राहतात ते 'मिटन' जास्त ऊब देतात. मोज्यांचे दोन जोड कोंबून बूट घट्ट केलेत तर पाय उलट लवकर गार पडतात. लोकरीचा एकच जाड जोड घाला.

थर्मल इथून न्या. स्नो पँट आणि बूट मात्र इथे विकत घेऊ नका, हे आम्ही दरवर्षी सांगतो आणि दरवर्षी कोणीतरी महागडे 'हिमालयीन' बूट घेऊनच येतं. होस्ट घराच्या तळघरात मोठ्या भावंडांचे जुने कपडे बहुधा असतातच.

नाकाचा शेंडा, कान किंवा बोटं पांढुरकी पडली, बधिर झाली, तर खेळ तिथेच थांबवा आणि आत या. चोळू नका, हीटरला लावू नका, कोमट पाण्यात धरा आणि घरच्यांना सांगा.

बाहेर

बर्फाचा माणूस दर वेळी होत नाही. पारा शून्याच्या जवळ असताना बर्फ ओलसर असतो, लाडवासारखा वळतो. कडाक्याच्या थंडीतला बर्फ मात्र तूप कमी पडलेल्या बेसनासारखा, मूठ उघडली की भुगा. अशा दिवशी घसरगाडी काढा. उतार असा निवडा की खाली रस्ता, झाडं किंवा तळं नसेल. गोठलेल्या तळ्यावर होस्ट घरातलं मोठं माणूस 'चल' म्हणाल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. रस्त्याकडेच्या ढिगाऱ्यात गुहा खणायची नाही, प्लाऊच्या ड्रायव्हरला आतलं मूल दिसत नाही. गाडीचा धुराडा बर्फात बुजला असेल तर इंजिन चालू करून आत बसायचं नाही, विषारी वायू आत साठतो. बाकी मनसोक्त खेळा.

आणि एकदा पाच मिनिटं नुसते उभे राहा. ताजा बर्फ आवाज गिळतो. लक्ष्मी रोडवर वाढलेल्या मुलाला ती शांतता आधी विचित्रच वाटते.

स्वयंपाकघर

दुपारी टोमॅटो सूप, चीज सँडविच, हॉट चॉकलेट हे ठरलेलं. तुम्हाला भजी आठवतील. जरूर करा, पण विचारून. तिकडची घरं लाकडी, प्रत्येक मजल्यावर धुराचा अलार्म आणि खिडक्या बर्फामुळे बंद. मोहरीच्या एका फोडणीने अख्खं घर दणाणून सोडल्याची नोंद आमच्या दप्तरी आहे. आल्याचा चहा त्यापेक्षा सुरक्षित.

पण खरी गंमत गुळाची. व्हरमाँट राज्यात आणि आसपासच्या भागात मेपल सिरप, म्हणजे मेपलच्या झाडाच्या रसाचा गोड पाक, उकळून ताज्या बर्फावर ओततात. त्याची चिवट गोड पट्टी होते, ती काट्याने गुंडाळून खातात. सोबत लोणच्यातली काकडी! तो पाक म्हणजे आपला गोळीबंद पाक: थेंब गार पाण्यात टाकला की मऊ गोळी व्हायला हवी. आमच्या एका मुलीने कोल्हापुरी गूळ तसाच कढवून बर्फावर ओतला आणि वर भाजलेले तीळ भुरभुरले. संक्रांत त्याच आठवड्यात होती. होस्ट घरातल्या धाकट्याने पातेलं चाटून साफ केलं. म्हणून सामानात अर्धा किलो गूळ आणि मूठभर तीळ असू द्या. बर्फ नुकता पडलेला, अंगणाच्या मधला, वरचाच घ्यायचा. रस्त्याकडेच्या बर्फात मीठ आणि गाड्यांची घाण असते. आणि उकळत्या पाकापाशी मोठं माणूस हवंच.

पालकांसाठी

बर्फाची सुट्टी वेगळी आणि हिमवादळ वेगळं. डिसेंबर २०२२ मध्ये नाताळच्या सुमारास बफेलो भागात आलेल्या वादळात चाळीसहून जास्त माणसं गेली. ती धास्ती खोटी नाही. अशा वेळी प्रशासन गाड्या रस्त्यावर आणायलाच बंदी घालतं आणि होस्ट कुटुंबं घराबाहेर पडत नाहीत. त्या भागातल्या घरांत डबाबंद अन्न, टॉर्च, जास्तीची पांघरुणं हिवाळाभर तयार असतात. बंदी लागली की आम्ही होस्ट फॅमिलीशी बोलून तुम्हाला आपणहून कळवतो, तुम्ही विचारायची वाट पाहत नाही.

साध्या सुट्टीच्या दिवशी मात्र मुलाने फोन उचलला नाही, तर तो बाहेर आहे एवढंच समजा. थंडीत मोबाइलची बॅटरीही भराभर उतरते. रात्री जेवणं आटोपली की पुन्हा लावा, तिकडे तेव्हा सकाळचे अकरा वाजत आलेले असतील आणि तो मिटन वाळत घालून काहीतरी गरम पीत बसलेला असेल.