हजार वॅटचा स्टिकर आणि आपला दिवाणखाना : पार्श्वभूमी

गाणं नीट ऐकता यावं म्हणून मुंबईत कुणी अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकरची जोडी घ्यायला निघालं, की दुकानात पहिला प्रश्न येतो तो वॅटचा. खोली केवढी, स्पीकर भिंतीपासून किती पुढे ठेवता येतील, ऐकणारा कुठे बसणार, हे सगळं नंतर, किंवा येतच नाही. ही उलटी क्रमवारी साधारण १९८० ते २००० या काळात इथल्या बाजारात घट्ट बसली.

त्याआधी व्हॉल्व्हच्या रेडिओग्राममध्ये दोन्ही वस्तू एकाच लाकडी पेटीत असत, त्यामुळे जोडी जुळवण्याचा प्रश्न नव्हता. ट्रान्झिस्टर आले आणि अ‍ॅम्प वेगळा, स्पीकर वेगळे झाले. परदेशी सेट भारी आयात शुल्कामुळे मोजक्या घरांत, बहुतेक आखातात नोकरीला असलेल्या नातेवाइकांकरवी येत. बाकीच्यांसाठी ग्रँट रोड स्टेशनजवळचा लॅमिंग्टन रोड होता. पाटीवर तो डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण सर्किट बोर्ड घ्यायला जाणारा कुणी ते नाव घेत नाही. बारा-झिरो-बारा ट्रान्सफॉर्मर, उष्णता बाहेर टाकणारा धातूचा हीटसिंक, ‘थ्री झिरो डबल फाइव्ह’ नावानं ओळखला जाणारा धातूच्या टोपीचा पॉवर ट्रान्झिस्टर, पुढे टीडीए २०३० सारख्या अ‍ॅम्प्लिफायरच्या चिप, सगळं एका फेरीत मिळे. बरा अ‍ॅम्प घरी जुळवता येत होता.

स्पीकरचं तसं नव्हतं. ड्रायव्हरच्या, म्हणजे स्पीकरमधल्या हलत्या कोनाच्या भागाच्या, गुणधर्मांवरून पेटीचं आकारमान आणि पोर्टची (पेटीच्या हवेच्या नळीची) लांबी काढण्याचं गणित १९७० च्या दशकात प्रसिद्ध झालं होतं, पण सुट्या विकल्या जाणाऱ्या ड्रायव्हरबरोबर ते गुणधर्म लिहून येत नसत. सुतार आधीच्या गिऱ्हाइकाच्या पेटीचं माप घेऊन नवी पेटी ठोकायचा. आवाज घुमला तर ‘बास चांगला आहे’ म्हणायचं. डग्ग्यावरची मींड आणि नुसती पेटीची घूं यांतला फरक ऐकायला तुलनेला दुसरा स्पीकर समोर असावा लागतो, आणि तो बहुतेकांकडे नव्हता. साहजिकच सुधारणा करायची म्हणजे अ‍ॅम्प मोठा करायचा, असं ठरून गेलं.

त्यात पीएमपीओ (पीक म्युझिक पॉवर आउटपुट) आलं. कॅसेटचे डेक आणि टू-इन-वन घरोघरी पोचले तसा हा आकडा खोक्यांवर झळकू लागला. संगीतातला क्षणिक कमाल जोर, असा त्याचा साधारण अर्थ लावला जाई, पण तो कसा मोजायचा याचं कोणतंही मानक कधीच नव्हतं. किती मिलिसेकंद, आवाजात किती विकृती, किती ओहमचा स्पीकर, एक चॅनेल की सगळे मिळून, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. त्यामुळे पुढच्या जाळीवर चमकत्या अक्षरांत १००० वॅट आणि मागच्या पट्टीवर, वायरच्या शेजारी, बारीक अक्षरांत २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, ३५ वॅट असा सेट सर्रास विकला गेला. भिंतीतून ३५ वॅट घेणारं यंत्र सतत त्याहून जास्त बाहेर देऊ शकत नाही. मागची पट्टी खरी होती आणि ती कुणी वाचत नव्हतं. टीडीए २०३० च्या माहितीपत्रकात हमी होती ४ ओहमला १२ वॅटची आणि ८ ओहमला ८ वॅटची. तीच चिप बसवलेल्या पेट्या शेकड्यांतले आकडे मिरवत होत्या.

अमेरिकेत हाच गोंधळ आधी होऊन गेला होता. तिथे १९७४ साली नियम झाला: आकडा सतत देता येणाऱ्या शक्तीचा सांगायचा आणि चाचणीआधी अ‍ॅम्प घोषित शक्तीच्या एकतृतीयांशावर तासभर चालवायचा. ही अट कडक होती, कारण क्लास एबी या नेहमीच्या ट्रान्झिस्टर रचनेचा अ‍ॅम्प जवळपास त्याच पातळीवर सगळ्यात जास्त तापतो. हीटसिंक कमी पडला तर तासाभरात उघडं पडे. कारखानदारांच्या तक्रारीनंतर २००० साली ती पातळी एकअष्टमांशावर आणली गेली. आपल्याकडे मात्र दुकानदारानं उलगडा केला तो ‘आरएमएस’ म्हणून. तांत्रिक अर्थानं ते व्होल्टेजचं मोजमाप आहे आणि वॅट त्यावरून काढलेली सरासरी असते. तरी निदान तो आकडा पडताळता येतो, म्हणून तोच विचारावा.

पडताळून हाती काय येतं? स्पीकरची संवेदनशीलता ८६ डेसिबल असेल, म्हणजे एका वॅटला एक मीटरवर तेवढा आवाज. दोन मीटरवर बसलात तर दोन्ही स्पीकर मिळून एकेका वॅटवर ८३ च्या आसपास. शेजारी भिंतीपलीकडेच असलेल्या मुंबईच्या फ्लॅटमध्ये हे भरपूर झालं. वॅट दुप्पट केले तर वाढतात फक्त ३ डेसिबल, आणि आवाज दुप्पट भासायला साधारण दहापट वॅट लागतात. उलट ८६ ऐवजी ८९ डेसिबलचा स्पीकर घेतला तर दुप्पट अ‍ॅम्पचं काम फुकटात होतं. तानपुऱ्याची जवारी स्वच्छ ऐकू येणं तर वॅटवर नाहीच, ते ट्विटर (उंच स्वरांचा छोटा स्पीकर) आणि क्रॉसओव्हर (उंच-खालचे स्वर वेगळे करणारं सर्किट) यांवर आहे.

१९९१ नंतर माल येऊ लागला, २००१ मध्ये ग्राहकोपयोगी वस्तूंवरची संख्यात्मक आयातबंधनं उठली आणि पुढच्या दशकात पैसा होम थिएटरकडे वळला: पाच छोटे स्पीकर, एक सबवूफर, पुन्हा एकत्र बेरीज केलेले वॅट. याच काळात जुने जपानी अ‍ॅम्प आणि स्पीकर चोरबाजारात दिसू लागले. हा माल आजही उत्तम अपग्रेड ठरतो, पण दोन गोष्टी बघूनच. जपानी घरचा वीजपुरवठा १०० व्होल्टचा, म्हणजे मागे व्होल्टेजची निवड नसेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर हवाच. आणि स्पीकरच्या कडेच्या फोमला बोट लावून पाहायचं. दमट हवेत तो चिकट होऊन तपकिरी भुगा सुटतो. रबराची कड टिकते. फोम बदलून मिळतो, कोन फाटला असेल तर खर्च वाढतो.

गेल्या दशकभरात क्लास डी या कमी तापणाऱ्या रचनेनं अ‍ॅम्प तळहाताएवढा केला आणि जुनी गोष्ट पुन्हा सुरू झाली. टीपीए ३११६ चिपचा ‘५० अधिक ५० वॅट’ हा आकडा २१ व्होल्ट आणि ४ ओहमला, तोही १० टक्के विकृतीसह आहे. बरोबर १२ व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर आणि ८ ओहमचे स्पीकर असतील तर गणितानंच विकृती न येता चॅनेलमागे ९ वॅटच्या वर जाता येत नाही. ९ वॅट पुरतातही, पण मग जाहिरातीत ९ च लिहावेत.

अमेरिकेतला नियम २०२४ मध्ये आणखी नेमका झाला: ८ ओहम, २० ते २०,००० हर्ट्झ, एक टक्क्याहून कमी विकृती. आपल्याकडच्या २०१२ च्या अनिवार्य नोंदणी आदेशात अ‍ॅम्प्लिफायर आले, पण विद्युत सुरक्षेसाठी आणि २००० वॅट किंवा जास्त इनपुट घेणारे. घरात गाणं ऐकायचे अ‍ॅम्प त्याच्या फार खाली राहतात. ग्राहकाच्या हातात तूर्त मागची पट्टी, अ‍ॅडॅप्टरवरचे व्होल्ट-अँपिअर आणि चिपचं माहितीपत्रक, एवढंच आहे.