ईसीआर आणि ईसीएनआर: पक्का पासपोर्ट कुठला?

पासपोर्ट कसा काढायचा हे बेळगाव, खानापूर, निपाणीत आता कुणाला शिकवावं लागत नाही. पण 'ईसीआर म्हणजे कच्चा पासपोर्ट, ईसीएनआर म्हणजे पक्का' हे मात्र अजून जो तो सांगत सुटतो. ते साफ चूक आहे. ईसीआर म्हणजे 'एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड', कामासाठी परदेशी जाण्याआधी सरकारी तपासणी लागणारा पासपोर्ट; ईसीएनआर म्हणजे ती न लागणारा.

ओळखायचं कसं? ईसीआर असेल तर पासपोर्टवर तसं छापलेलं असतं, नसेल तर ईसीएनआर. एसएसएलसी (दहावी) पासची गुणपत्रिका जोडली की ईसीएनआर मिळतो. इतकंच.

खरा फरक तपासणीचा आहे. ईसीआरवाला सौदी, कतार, कुवेत, ओमान अशा 18 देशांत कामाला निघाला की 1983 च्या कायद्यानं त्याला सरकारी क्लिअरन्स लागतो. त्यासाठी पगार आणि कामाच्या अटींचा करार ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर चढवावा लागतो. प्रवासी भारतीय विमाही सक्तीचा: दोन वर्षांना 275 रुपये, तीन वर्षांना 375. अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर 10 लाख मिळतात.

परिचारिका सोडल्या तर ईसीएनआरवाल्याला यातलं काहीच सक्तीचं नाही. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतले दोन वेल्डर धरा, तिकडं कंपनी एक, पगार एक. दहावी नापास झालेल्याचा करार सरकार बघतं आणि त्याचा विमा निघतो. पास झालेला तसाच विमानात बसतो. परांचीवरून पाय घसरला तर हाड दोघांचंही मोडतं, भरपाईचा कागद एकाच्याच घरी असतो. ज्याला लोक पक्का म्हणतात, त्याच पासपोर्टवर माणूस उघडा पडतो.

ईसीआरवाल्याचं हे कवच एजंट एका वाक्यात काढून घेतात: "व्हिजिट व्हिसावर चल, तिथं बदलून देतो." फिरायला जाणाऱ्याला क्लिअरन्स लागत नाही, म्हणून ही पळवाट. मग नोंदलेला करार नाही, विमा नाही, आणि व्हिजिटवर काम करणं तिथं गुन्हा. पगार बुडाला तरी दाद मागायला तोंड उरत नाही.

सक्ती गुणपत्रिकेवर नको, कामावर हवी. 1 जानेवारी 2019 पासून ईसीएनआरवाल्यांनाही निघायच्या 24 तास आधी नोंदणी सक्तीची होणार होती. नोव्हेंबर 2018 मध्येच ते थांबवलं. ती नोंदणी परत आणावी, आणि या वेळी विम्यासकट.

तोवर पासपोर्ट हातातून सोडण्याआधी एजंटचा परवाना क्रमांक ई-मायग्रेटवर तपासा. सेवाशुल्काची कमाल मर्यादा 30,000 रुपये अधिक जीएसटी आहे. त्याची पावती मागा. गल्लीतल्या सबएजंटाला कायद्यात जागाच नाही, त्याच्या हातात रोख ठेवू नका.